आजोबा मुकादम नव्हते

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी दाजी पेठेत राहते. मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने बोस्टनजवळ होते. जावयांनी एका रविवारी प्लिमथ गाव दाखवायला नेलं. तिथे एक जुनं लाकडी घर पाहिलं. लेकीच्या शेजारीणबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "हे आमच्या मूळ पुरुषाच्या मुलाचं घर. तो मूळ पुरुष जहाजावरून समुद्रात पडला होता आणि वाचला." चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण काल-परवाची असल्यासारखी सांगत होत्या. परत आल्यावर वाटलं, आपणही आपल्या तातांबद्दल, म्हणजे आजोबांबद्दल, लिहून ठेवावं. ते पोरवयात तेलंगणातून सोलापुरात आले, गिरणीत बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल तेव्हाच काम, असे लागले आणि सात लेकरं वाढवली. चुलतभाऊ म्हणतो, "बदली कामगार काय लिहितेस? मुकादम होते असं लिही. कोण तपासायला येतंय?" मला पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. तो समुद्रात पडलेला माणूस कोण, तेही सांगा.
– एक वाचक, दाजी पेठ, सोलापूर

उत्तर : तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्या माणसाची हकिगत ऐकलीत की तुमच्या भावाला द्यायचं उत्तरही त्यातच सापडेल.

त्याचं नाव जॉन हाऊलंड. इंग्लंडमधल्या फेनस्टँटन गावचा. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी अमेरिकेला निघाले, त्यांतला हा एक. तो पुढारी नव्हता, व्यापारी नव्हता, धर्मोपदेशकही नव्हता. जॉन कार्व्हर नावाच्या गृहस्थाचा तो नोकर होता. भर समुद्रात वादळ उठलं, शिडं उतरवलेली होती, आणि हा तरुण डेकवर आला. जहाज कलंडलं तसा तो थेट पाण्यात गेला. वरच्या शिडाचा एक दोर बाहेर लोंबत पाण्यात ओढला जात होता, तो याच्या हाताला लागला. कित्येक वाव पाण्याखाली गेला तरी त्यानं दोर सोडला नाही. वरच्यांनी दोर ओढत त्याला पाण्याच्या काठापर्यंत आणलं आणि आकडीनं अडकवून आत घेतलं. पुढे प्लिमथच्या इंग्रज वसाहतीचे गव्हर्नर झालेले विल्यम ब्रॅडफर्ड त्याच जहाजावर होते, त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला. यामुळे तो थोडा आजारी पडला, पण नंतर बरीच वर्षं जगला आणि वसाहतीच्या उपयोगी पडला, असंही त्यांनी नोंदवलं. एवढा एक परिच्छेद आहे, म्हणून तुमच्या शेजारीणबाई आज ते सांगू शकतात.

पहिल्याच हिवाळ्यात त्या 102 पैकी निम्मे गेले. त्याच जहाजावर एलिझाबेथ टिली नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. तिचे आईवडील गेले, काका-काकूही गेले. पुढच्या वसंतात हाऊलंडचे मालक कार्व्हरही वारले. नंतर काही वर्षांनी या पोरक्या मुलीशी त्या नोकरानं लग्न केलं. त्यांना दहा मुलं झाली आणि दहाही मोठी होऊन संसाराला लागली. तो काळ पाहता हे मला समुद्रातून वाचण्यापेक्षाही मोठं वाटतं.

आता तुमच्या भावाची गोष्ट. पुढच्या पिढ्यांत या घराण्याची भरभराट झाली आणि कुटुंबात एक समजूत रूढ झाली की एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हर यांच्या घरची मुलगी. (कार्व्हर वसाहतीचे पहिले गव्हर्नर होते.) नोकरानं मालकाच्या घरातली मुलगी केली, हे ऐकायला किती छान! प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत स्मृतिशिळेवर तसं कोरूनही ठेवलं. ब्रॅडफर्ड यांचं हस्तलिखित तोवर हरवलेलं होतं. ते 1855 मध्ये लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात सापडलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, हाऊलंडची बायको जॉन टिलीची मुलगी. दगडावरची ओळ खोटी ठरली. मला त्यात सगळ्यात वाईट वाटतं ते त्या टिली नवराबायकोचं. परक्या मुलखात पहिल्या थंडीत मेलेल्या त्या दोघांना त्यांच्याच वंशजांनी घराण्यातून पुसून टाकलं होतं, आणि तेही केवळ मोठं नाव जोडायच्या हौसेपायी.

तुमचे तात मुकादम झाले, तर पहाटे भोंग्याआधी गेटवर जाऊन उभा राहणारा माणूस तुमच्या घराण्यातून जाईल. कुणाचा खाडा पडला तर काम, नाही तर पायी परत. या भरवशावर सात लेकरं वाढवली, हे मुकादमाला जमलं असतं का? भावाला एवढंच विचारा.

खरं लिहायचं म्हणजे नुसतं चांगलंच लिहायचं, असं नाही. हाऊलंडबद्दलही मी सगळं सांगते. 1634 मध्ये तो केनेबेक नदीवरच्या व्यापारी ठाण्याचा प्रमुख होता. दुसऱ्या वसाहतीचा हॉकिंग नावाचा माणूस त्यांच्या हद्दीत होडी घेऊन आला. हाऊलंडनं होडीचे दोर कापायला माणसं पाठवली. त्यात त्याचा एक माणूस आणि हॉकिंग, दोघंही गोळी लागून मेले. आणि ज्या जागेवर प्लिमथ वसलं ते मूळचं पटक्सेट गाव. काहीच वर्षांपूर्वी साथीच्या रोगानं तिथली माणसं संपली होती, शेतं मोकळी पडली होती. मका कसा पेरायचा, हे या लोकांना त्याच गावच्या टिस्क्वांटम नावाच्या माणसानं शिकवलं. ती आयती शेतं आणि ते शिक्षण मिळालं नसतं, तर हाऊलंडचा संसार उभा राहणं कठीण होतं. तुमच्या टिपणातही तातांना इथे आणून पहिली भाकरी कुणी घातली, खोली कुणी दिली, ते नाव असू द्या.

मोठं लिहायचं दडपण घेऊ नका. हाऊलंडची ओळख पटते ती किरकोळ कागदांतून. 1627 मध्ये वसाहतीनं गुरांची वाटणी केली. तेरा-तेरा माणसांचे बारा गट पाडले. हाऊलंडच्या गटाला आलेल्या कालवडीचं नाव रॅगहॉर्न होतं, ते आजही वाचता येतं! तो 1673 मध्ये, ऐंशी ओलांडून, वारला. एलिझाबेथ पुढे 1687 पर्यंत होती. तिचं मृत्युपत्र सोलापूरच्या बायकांनी मुद्दाम वाचावं असं आहे. थोरला मुलगा जॉन, त्याला पाच पौंड, एक पुस्तक, चादरींची जोडी, उशांचे अभ्रे, घोंगड्यांची जोडी. जोसेफला तराजू आणि चादरी. जेबेझला पिसांची गादी, 'जी त्याच्याकडेच आहे', आणि मोठं लोखंडी भांडं. आयझॅकला मोठं पितळी पातेलं, तेही 'आधीच त्याच्याकडे' आहे. कुणी काय आधीच उचलून नेलंय, ते म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही पाहिलंत ते घर या जेबेझचं.

मी चौतीस वर्षं सहावी-सातवीला इतिहास शिकवला. दरवर्षी मुलांना घराण्याची माहिती लिहून आणायला सांगायची. निम्म्या वह्यांत पूर्वज सरदार असायचे, आणि आजीचं माहेरचं नाव विचारलं की वर्ग गप्प. एकदा शहराच्या पूर्वभागातल्या एका मुलीनं फक्त अर्धं पान आणलं. आजी दिवसाला हजार विड्या वळते, मांडीवर सूप, कात्रीनं पान कापते, उजव्या अंगठ्याची कातडी दगडासारखी झालीय, आणि रात्री तोच अंगठा माझ्या डोक्यावर फिरवते तेव्हा केस अडकतात. बाकीच्या वह्यांतलं मला आता काही सांगता येणार नाही. ते अर्धं पान अजून जसंच्या तसं आठवतं.

आपल्या भागात हेळवे बैलावरून येऊन पिढ्यांची नावं सांगायचे. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत घराण्यांची नावं असतात. तिथे चौकशी करा, पण नावांपुढे फारसं काही हाती लागणार नाही. खरं भांडार घरातच असतं. तुमची आत्या हयात असेल, तर येत्या रविवारीच जा. तेलुगूतच बोला, मराठीत ती आखडून बोलेल. तात कोणत्या खात्यात होते, साच्यावर की कांड्या भरायला? काम न मिळालेल्या दिवशी घरी येऊन काय करायचे? पहिली चादर घरात कधी आली आणि ती कुणाच्या अंगावर पडली? मधे अडवू नका, दुरुस्त करू नका. तिचा शब्द जसा येईल तसा उतरवा, तारीख घाला आणि सात लेकरांची नावं लिहिताना लहानपणी गेलेलं एखादं असेल तर तेही मोजा.