दुखायच्या आधी

प्रिय पोरी,

मंगळवारी तलावाच्या कठड्याला धरून तू म्हणालीस, "काका, अंदमानच्या स्कूबा डाइव्हचे पैसे सगळ्यांनी भरलेत, आता मी एकटीच कशी नाही म्हणू?" तुझं नाक इतकं चोंदलं होतं की बोलताना 'म'चा 'ब' होत होता. आजूबाजूला पोरांचा गलका चाललेला, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं.

समुद्र किती सुंदर असतो ते मी सांगायला नको. पोहता येत नाही ही काळजीही सोड. पहिल्या डाइव्हला प्रशिक्षक सतत तुला धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. मला बोलायचंय ते कानांबद्दल. त्याहून जास्त, वेळेवर 'थांबा' न म्हणण्याबद्दल.

ताम्हिणी उतरताना कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात, हे तुला ठाऊक आहे. पुण्यापासून कोकणात उतरेपर्यंत हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात पाऊण मीटरच्या आतच वाढतो. १० मीटरवर तो वरच्या दुप्पट होतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात बारीक 'टक' झालं की पुढे. हे पाण्याखाली डोकं गेल्यापासून सुरू करायचं, दर अर्ध्या मीटरला, कान दुखायच्या आधी. दुखल्यावर नव्हे. दुखायला लागल्यावर कान आणि घसा जोडणारी नळी दाबलेली असते, मग कितीही जोर लावलास तरी उघडत नाही. तेव्हा मीटरभर वर यायचं आणि पुन्हा फुंकायचं. नाहीच सुटलं तर वर यायचं. विषय संपला.

मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. साडेतीन-चार मीटरवर डावा कान दुखायला लागला. ऑफिसातले दोघं माझ्याआधी खाली पोचलेले दिसत होते. प्रशिक्षकाने अंगठा आणि तर्जनीचा गोल करून विचारलं, ठीक? मी तसाच गोल करून दाखवला. ठीक! तो बिचारा माझ्या खुणेवर विसंबून खाली घेऊन गेला. थोड्या वेळाने दुखणं एकदम थांबलं, कानात गार काहीतरी शिरलं आणि वर कुठे, खाली कुठे हेच कळेना. पडदा फाटला होता. तो दोन महिन्यांत भरून आला, पण त्या कानातला बारीक शिट्टीसारखा आवाज आजतागायत गेलेला नाही. लकडी पुलावरच्या गर्दीत तो जाणवत नाही. रात्री दोन वाजता, घर शांत असतं तेव्हा जाणवतो. मी बोटांनी खोटं बोललो, त्याचा हा आवाज आहे. दोष दुसऱ्या कुणाचाही नाही.

म्हणून तुझ्या मैत्रिणीचा सल्ला वाचून माझं डोकं फिरलं. "सर्दीची गोळी घे, काही होत नाही." होतं! गोळीने नाक मोकळं होतं, तू खाली जातेस, आणि गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर आत अडकलेली हवा वर येताना फुगते, बाहेर पडायला वाट नसते. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी घेऊन नाही, वाफ घेऊन नाही, कुणी हसलं तरी नाही.

तारकर्लीला मी एकदा होडीत सगळा जामानिमा चढवून, सिलिंडर पाठीला लावून, नाक सुटेना म्हणून तसाच बसून राहिलो. बाकीचे उतरले. परतताना एकाने विचारलं, काका घाबरले का? पुढे दोन वर्षं तो प्रसंग निघत राहिला. निघू दे. माझा उजवा कान शाबूत आहे, तो तेवढ्यामुळेच. लोक मला हेकट म्हणतात, घरातही म्हणतात. मी तिथे उतरायला हवं होतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

आता तुझं वेळापत्रक. तुम्ही डाइव्ह शेवटच्या दिवशी दुपारी ठेवलंय आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. हे बदला. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त झाले तर १८ तास विमानात बसायचं नसतं, ते कारण आहेच. पण माझं खरं कारण वेगळं आहे. शेवटच्या दिवशी 'आज नको' म्हणणं फार जड जातं. अंदमानात हॅवलॉक बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवलंत, तर पुढचे दोन दिवस हातात राहतात. वेळ शिल्लक असेल तर थांबायला जीव होतो.

आणखी एक, आणि यात हयगय नको: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर घेतलेला श्वास धरून वर आलीस तर तीच हवा दुप्पट होते आणि फुप्फुसं फाटू शकतात. घाबरलीस तरी बुडबुडे सोडत राहा.

खुणा पाठ कर. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'मला वर जायचंय'. काही बिघडलं तर पंजा आडवा धरून डुलवायचा आणि मग जिथे त्रास आहे तिथे, म्हणजे कानाकडे, बोट दाखवायचं. ही खूण दुखायच्या आधी करायची. नुसतं जड वाटलं तरी करायची. प्रशिक्षक रागावत नाही, त्याला तेच हवं असतं.

शनिवारी साडेसहाला टिळक तलावावर ये, मास्क घेऊन. नाक मोकळं असेल तर उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायचा सराव करू. चोंदलेलं असेल तर मी तुला पाण्यात उतरू देणार नाही, कठड्यावर बसून पंजा डुलवायची खूण करून घेईन, न लाजता जमेपर्यंत.

तुझा,
काका