‘बाटली आडवी झाली’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आला आहे: “‘गावात बाटली आडवी’ असं बातमीत वाचलं. दारू पिऊन संपली की बाटली आडवी पडते, मग याचा अर्थ दारूबंदी कसा? आणि 1993 साली गडचिरोलीत बाटली आडवी झाली, असं लिहिलं तर चालेल का?”

या प्रयोगाचा रिकाम्या बाटलीशी काही संबंध नाही. तो थेट मतपत्रिकेवरून आला आहे. गावातलं परवान्याचं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर महाराष्ट्रात त्यासाठी मतदान घेता येतं. सध्याचा नियम 2008 सालचा आहे. किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की आधी सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान चालू राहावं असं वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडवीवर. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही क्षणात कळावं, अशी ही चित्रं आहेत. प्रचारातही बायका ‘दारूबंदीला मत द्या’ म्हणत नाहीत, ‘आडव्या बाटलीला मत द्या’ म्हणतात.

ही चित्रं मराठीत इतकी सहज रुळली, कारण दोन्ही शब्दांत तो अर्थ आधीपासूनच होता. पैलवान प्रतिस्पर्ध्याला आडवा करतो, वादळात पीक आडवं होतं. उलट शेतात पीक उभं असतं, निवडणुकीला माणूस उभा राहतो, धंदा उभा करतात. टिकून आहे ते उभं, पाडलं ते आडवं. म्हणून ‘बाटली आडवी केली’ यात ‘आम्ही तिला पाडली’ हा जोर आपोआप येतो. ‘झाली’पेक्षा ‘केली’ मला जास्त आवडतं, कारण त्यात करणाऱ्या बायका दिसतात.

त्यांनी काय केलं हे समजायला पुढची अट माहीत हवी. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मतं पडून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. समजा यादीत 1000 नावं आहेत. 600 जणी आल्या आणि त्यातल्या 480 जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी बाटली उभीच! ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन परगावी गेलेली, यादीतून नाव न वगळलेली मयत बाई, या सगळ्या न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. त्या दिवशी मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांवर हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे ‘बाटली उभीच राहिली’ अशी बातमी वाचून गावातल्या बायकांना दारू हवी होती, असा अर्थ काढू नये.

आणखी एक. ही बाटली परवान्याच्या दारूची. हातभट्टी मुळातच बेकायदा, तिच्यावर मतदान कसलं घेणार? म्हणून ‘हातभट्टी आडवी केली’ असं कोणी म्हणत नाही. भट्टी फोडतात, उद्ध्वस्त करतात. दारू गाळण्यासाठी आंबवलेला सडवा ओतून देतात.

आता गडचिरोली. तिथे ‘बाटली आडवी’ लिहू नये. धानाची शेती, जंगल आणि मोहाचा हा जिल्हा 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. गावोगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं दारूविरोधी चळवळ चालवली आणि 1993 साली शासनाने संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. गांधीजींच्या सेवाग्राममुळे वर्धा जिल्ह्यात ती त्याआधीपासूनच होती. चंद्रपुरात बायकांनी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले, तेव्हा कुठे 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली. 2021 साली मंत्रिमंडळाने ती उठवली. लोकांचा रेटा तिन्हीकडे कमीअधिक होता, पण दोन चित्रांवर शिक्के मारून हे निर्णय झालेले नाहीत. जिल्ह्याची दारूबंदी ‘लागू होते’ आणि ‘उठते’. ती शासन लावतं, शासनच उठवतं. गावातली बाटली मात्र मतदानाने आडवी होते.

शिवाय गडचिरोलीत ‘दारूमुक्ती’ हा शब्दही कानावर येईल. तो दारूबंदीचा समानार्थी म्हणून वापरू नका. बंदी विक्रीवर असते. मुक्ती म्हणजे गावात भट्टी नाही, चोरून येणारा माल नाही आणि पिणाऱ्याला सोडायला मदत आहे, अशी स्थिती. बंदी असलेल्या जिल्ह्यातही एखादं गाव दारूमुक्त नसू शकतं, म्हणूनच तिथल्या कार्यकर्त्यांना हा दुसरा शब्द लागतो.