वाचकांचे प्रश्न : रिकेल्मेला एवढं का मानतात?

प्रश्न : मी विशीतला, मेस्सीचा फॅन. पण काका नेहमी रिकेल्मेचं नाव काढतात. बघितलं तर वर्ल्ड कप नाही, बार्सिलोनात चालला नाही, सेमीफायनलला पेनल्टी घालवली, शिवाय स्लो. मग एवढं काय होतं त्याच्यात? आणि बघायचंच तर कुठली मॅच बघू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या काकांशी मी शंभर टक्के सहमत आहे, आधीच सांगून टाकतो.

पहिलं ते स्लोचं. अर्जेंटिनाचा हुआन रोमान रिकेल्मे पळायला फास्ट नव्हता, मान्य. पण त्याच्या पायात बॉल आला की बाकीचे एकवीस जण त्याच्या वेळेने खेळायचे, तो तळव्याखाली बॉल दाबून पाठ आडवी घालून उभा राहायचा, बॉल काढायला दोघं यायचे आणि ते आले की मागे जी जागा रिकामी व्हायची तिथेच पास जायचा. अर्जेंटिनात या जागेवरच्या प्लेयरला एंगांचे म्हणतात, म्हणजे हुक, मिडफिल्ड आणि फॉरवर्डला जोडणारा. सगळा खेळ त्याच्यातून जाणार, त्याला मागे धावून डिफेन्स करायला कोणी सांगणार नाही, अशी ती जुनी पद्धत. युरोपला नेमकं हेच नको होतं.

बार्सिलोनाचंही तसंच झालं. २००२ साली बोका ज्युनियर्स या अर्जेंटिनातल्या क्लबमधून तिकडे गेला तर कोच वान खाल, आणि त्यांनी याला विंगवर ढकललं. साइडलाइनला चिकटवून ठेवलेला रिकेल्मे म्हणजे अर्धा रिकेल्मे, त्याला चहूबाजूंनी मैदान लागायचं. पुढच्याच वर्षी तो स्पेनमधल्याच विलारियालला गेला, जेमतेम ५० हजार वस्तीचं गाव, तिथे टीम त्याच्याभोवती बांधली आणि २००६ ला ती चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पोचली. आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी मिळाली, तिचा गोल झाला असता तर एक्स्ट्रा टाइम, पण त्यांचा गोलकीपर लेमानने अडवली. चुकला तो, खरंच चुकला. पण विलारियालला तिथपर्यंत आणलं कोणी हेही बघा ना.

दोनच महिन्यांनी वर्ल्ड कप क्वार्टरफायनल, बर्लिन, समोर जर्मनी आणि गोलमध्ये परत तोच लेमान. रिकेल्मेच्या कॉर्नरवर आयालाने हेडर मारला, १-०. ७२व्या मिनिटाला कोच पेकरमनने रिकेल्मेला बाहेर घेतलं, कॅम्बियासो आत आला, ८०व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोझेने बरोबरी केली आणि पेनल्टीवर अर्जेंटिना बाहेर. १९ वर्षांचा मेस्सी पूर्ण वेळ बेंचवर बसून होता. लीड सांभाळायची तर बॉल ठेवणारा माणूस काढायचा नसतो, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

पण हा माणूस मुळात बोकाचा. २००० आणि २००१ लागोपाठ कोपा लिबर्ताडोरेस, मग २००७ ला परत आला आणि ब्राझीलच्या ग्रेमियोविरुद्धच्या फायनलच्या दोन मॅचमध्ये मिळून स्वतः तीन गोल मारले, बोका एकूण ५-० ने जिंकली. दक्षिण अमेरिकेतली सगळ्यात मोठी क्लब ट्रॉफी आहे ती, आपल्याकडे युरोपच दिसतं म्हणून तिची किंमत कळत नाही याचं मला वाईट वाटतं. २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिक गोल्ड, कॅप्टन हाच, टीममध्ये मेस्सी. आणि शेवटी २०१४ ला, जिथे लहानपणी शिकला त्या अर्जेंटिनोस ज्युनियर्सला सेकंड डिव्हिजनमधून वर आणलं आणि २०१५ च्या जानेवारीत थांबला. आता बोकाचा प्रेसिडेंट आहे, डिसेंबर २०२३ ला मेंबरांनी मतं देऊन निवडला.

मॅच म्हणाल तर नोव्हेंबर २००० ची टोकियोची बघा, इंटरकॉन्टिनेन्टल कप, म्हणजे युरोपचा चॅम्पियन क्लब विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा, बोका २, रियाल माद्रिद १. पहिल्या सहा मिनिटांत पालेर्मोचे दोन गोल, त्यातल्या दुसऱ्याचा लांब पास रिकेल्मेने स्वतःच्या हाफमधून दिलाय. पण नुसते गोल बघून बंद करू नका, पुढचे ऐंशी मिनिटं बघा, समोर रियालचा माकेलेले असताना बावीस वर्षांचा पोरगा बॉल कसा धरून ठेवतो ते. मग रिव्हर प्लेटविरुद्धची त्याच वर्षीची लिबर्ताडोरेसची क्वार्टरफायनल, बोकाच्या बोम्बोनेरा स्टेडियमवर, तिथे साइडलाइनजवळ रिव्हरच्या येपेसकडे पाठ करून उभं राहून त्याच्या दोन पायांतून बॉल तळव्याने मागे ओढलाय. ती क्लिप काकांबरोबर बसून बघा, त्यांना पॉज करायला लावा आणि बॉल येण्याआधी त्याची मान कुठे वळते ते विचारा.