सातवीतील मुलीला इंग्रजी व्याकरण, शब्दसंग्रह आणि साहित्य यांपैकी आधी काय शिकवावे?

आपण लिहिले आहे की मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. बाराही काळांची सूत्रे तिला पाठ आहेत आणि गाळलेल्या जागा ती अचूक भरते, परंतु ‘माझी सुट्टी’ या विषयावर स्वतःच्या मनाने पाच वाक्ये लिहायला सांगितली की ती अडते. अशा वेळी घरी व्याकरण घ्यावे, शब्द पाठ करून घ्यावेत की गोष्टींची पुस्तके द्यावीत, असा आपला प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना मी २८ वर्षे इंग्रजी शिकवले, त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की सुरुवात गोष्टीपासून करावी, व्याकरण त्या गोष्टीतून काढावे आणि ते शिकवताना तिची मराठी सतत शेजारी ठेवावी.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुले इंग्रजीत ज्या चुका करतात त्यांतील फार मोठा भाग निष्काळजीपणाचा नसतो. मराठीत अगदी बरोबर असलेले वाक्य ती इंग्रजीत उतरवत असतात. ‘मला हे पुस्तक आवडते’ हे लिहिताना दरवर्षी वर्गातील पाच-सहा मुले ‘मी (me) लाइक धिस बुक’ असे लिहीत, कारण ‘मला’ म्हणजे ‘मी’, हा इंग्रजी शब्द त्यांना पाठ असे. त्यांना नियम सांगण्याआधी मी फळ्यावर मराठी वाक्य लिहायचे आणि ‘पुस्तक’च्या जागी ‘पुस्तके’ लिहायला लावायचे. ‘मला ही पुस्तके आवडतात’ असे होताच क्रियापद पुस्तकांच्या मागे गेले हे त्यांना दिसे आणि मराठी वाक्याचा कर्ता पुस्तक आहे, आवडून घेणारा माणूस नाही, हे त्यांच्या लक्षात येई. इंग्रजीत मात्र आवडून घेणारा माणूसच कर्ता होतो, म्हणून तिथे ‘आय’ हवा. ‘मला भूक लागली’, ‘मला थंडी वाजते’, ‘मला आठवते’ ही सारी वाक्ये याच घरची आहेत. एकदा हे कळले की तीस वाक्ये एकदम सुधारतात, आणि सातवीच्या मुलीला ते कळते, कारण कर्ता, कर्म आणि विभक्ती ती मराठीच्या तासाला शिकतच असते.

दुसरे उदाहरण तिला पुढच्या इयत्तेत नक्की भेटेल. ‘आई म्हणाली की मी उद्या येईन’ या मराठी वाक्यातील ‘मी’ म्हणजे आई. ‘की’ आला तरी बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत त्या जागी ‘मदर सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे’ असे होते, म्हणजे सर्वनाम बदलते, क्रियापद मागे सरकते आणि ‘उद्या’सुद्धा बदलतो. हा धडा सहसा तक्त्याने शिकवला जातो. तक्ता पाठ होतो, पण हे सगळे बदलायचे कशासाठी, हा मुलांचा मूळ प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर असे की इंग्रजीत ऐकलेली गोष्ट सांगणारा माणूस स्वतःच्या जागेवरून आणि स्वतःच्या वेळेवरून ती सांगतो, आणि मराठीत तो क्षणभर मूळ बोलणाऱ्याच्या जागी उभा राहतो. मी वर्गात दोन मुलांना उभे करून, एकाचा निरोप दुसऱ्याकडून तिसऱ्याला सांगायला लावून हे दाखवत असे. त्यानंतर तक्त्याची गरज फारशी उरत नसे.

‘मी काल साताऱ्याला गेलो होतो’ यातील ‘होतो’मुळे मुले ‘हॅड गॉन’ लिहितात, हीही याच जातीची चूक. मराठीत हे रूप एकट्या घटनेलाही चालते, इंग्रजीत मात्र त्या घटनेनंतर घडलेली दुसरी भूतकाळातील गोष्ट मनात असावी लागते. एवढे सांगून पुढे जाता येते.

‘डू’ या शब्दापाशी मात्र थांबावे लागते. पाचवीतील एका मुलाने मला विचारले होते की ‘व्हेअर डू यू लिव्ह’मध्ये ‘डू’चा अर्थ काय. मी तेव्हा नवीन होते आणि ‘ते तसेच असते’ असे उत्तर दिले, याची मला आजही खंत आहे. त्याचा प्रश्न योग्य होता. या ‘डू’ला ‘करणे’ हा अर्थ उरलेला नाही; प्रश्नात आणि नकारात काळाचे ओझे तो वाहतो. म्हणूनच ‘डिड’ आल्यावर मुख्य क्रियापद मूळ रूपात जाते आणि ‘डिड ही वेन्ट’ चुकते, कारण भूतकाळ दोनदा दाखवला जातो. मराठीत ‘तो गेला’ला नुसता ‘का’ जोडला की प्रश्न होतो आणि भूतकाळ ‘गेला’मध्येच राहतो. ही दोन वाक्ये शेजारी लिहिली की चूक का होते ते मुलांना स्वतःला दिसते.

आता गोष्टीकडे येते. ‘अ’ आणि ‘द’ यांचे नियम व्याकरणाच्या पुस्तकात दोन-तीन पाने असतात आणि मराठीत तशी उपपदे नसल्याने मुलांना ते नियम परके वाटतात. पण ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या’ ही सुरुवात प्रत्येक मूल ऐकत मोठे झालेले असते. पहिल्या वाक्यात ‘एक’ आहे, दुसऱ्यात नाही, कारण आता आपण त्या राजाला ओळखतो. इंग्रजी गोष्टीत पहिल्यांदा ‘अ किंग’ येतो आणि नंतर ‘द किंग’, तो याच कारणाने. मुलीला इंग्रजी गोष्टीचे एक पान देऊन प्रत्येक ‘अ’ आणि ‘द’खाली रेघ मारायला सांगा आणि ‘इथे आपली ओळख झाली आहे का’ एवढेच विचारा. ‘द सन’, ‘द मून’ यांचे उत्तरही त्याच प्रश्नात मिळते. सगळी प्रकरणे त्यात बसत नाहीत, पण सातवीसाठी ते पुरेसे आहे.

शब्दसंग्रहाबाबत माझे मत ठाम आहे. रोज दहा शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ पाठ करून घेणे थांबवावे. मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञांनी ढाक्याला बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना हा प्रश्न फार जवळून पाहिला होता. १९२६ मध्ये त्यांनी बंगालमधील द्वैभाषिकतेवर अहवाल लिहिला, आणि १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नेहमीच्या इंग्रजी शब्दांच्या यादीत सुमारे २,००० मूळ शब्द होते. साधारण इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग तेवढ्याच शब्दांनी व्यापला जातो. म्हणजे सातवीच्या मुलीला दुर्मीळ शब्दांची गरज नाही. तिला नेहमीचे शब्द त्यांच्या सोबत्यांसह हवे आहेत. आपण चूकही ‘करतो’ आणि अभ्यासही ‘करतो’, पण इंग्रजीत चुकीला ‘मेक’ लागते आणि गृहपाठाला ‘डू’. आपल्या एका ‘पाहणे’साठी तिथे ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ हे तीन शब्द आहेत. हे अर्थांच्या यादीत कधीच दिसत नाही, म्हणून वहीत शब्दासमोर अर्थाऐवजी तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहायला सांगावे.

शब्दांच्या बाबतीत आनंदाच्याही जागा आहेत आणि त्या मुलांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. ‘अनावश्यक’मधील ‘अन्’ आणि ‘अननेसेसरी’मधील ‘अन’ हे एकाच प्राचीन मुळापासून आलेले आहेत. ‘माँगूस’ हा इंग्रजी शब्द तर आपल्या मुंगसावरूनच गेलेला आहे. हे सांगितले त्या दिवशी वर्गातील सर्वांत अबोल मुलीने फळ्यावर येऊन तो शब्द लिहिला होता. स्पेलिंगचेही तसेच आहे. ‘नो’ म्हणजे जाणणे, या शब्दाच्या सुरुवातीचा ‘के’ एके काळी उच्चारला जात असे. उच्चार गेला, लेखन मात्र टिकले. शब्दाला इतिहास आहे हे समजले की मुले त्याच्यावर चिडत नाहीत.

साहित्याची सर्वाधिक हानी होते ती मार्गदर्शक पुस्तकातील तयार ‘मध्यवर्ती कल्पने’मुळे. मूल कविता वाचण्याआधी तिचा सारांश पाठ करते. वर्ड्‌स्वर्थ यांची डॅफोडिलच्या फुलांवरील १८०७ साली प्रसिद्ध झालेली कविता मी शिकवत असे, तेव्हा ते फूल वर्गातील एकाही मुलाने पाहिलेले नव्हते, मीही नव्हते. पण आमची मुले कासच्या पठाराजवळची होती. पाऊस ओसरू लागला की तिथे पिवळी सोनकी नजर पोहोचेल तिथवर पसरते आणि जवळच तलाव आहे. मी त्यांना आधी ते पठार आठवून चार मराठी ओळी लिहायला सांगितल्या आणि मगच ती कविता मोठ्याने, दोनदा, अर्थ न सांगता वाचली. तळ्याकाठची वाऱ्यावर डोलणारी फुले त्यांना लगेच ओळखू आली, आणि घरी परतल्यावर ते दृश्य पुन्हा मनात येते हा कवितेचा शेवट एका मुलाने माझ्याआधीच सांगितला. इंग्रजी कविता परक्या मुलखाचीच असते असेही नाही. अरुण कोलटकरांचा जेजुरीवरील इंग्रजी कवितासंग्रह १९७६ सालचा आहे, आणि त्याच्या पहिल्याच कवितेत एसटीच्या खिडक्यांवरची ताडपत्री आहे. संपूर्ण संग्रह सातवीसाठी नाही, पण ती पहिली कविता आपण तिच्यासोबत वाचू शकता.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. मी दोन्ही पिढ्यांना शिकवले. आधीची मुले एबीसीडीपासून सुरुवात करत, पण मोठ्या मराठी गोष्टी वाचून आलेली असत. नंतरच्या मुलांना इंग्रजी शब्द पुष्कळ येतात, पण सलग पान वाचायची सवय कमी असते. आपल्या मुलीची अडचण याच दुसऱ्या प्रकारची असावी असे मला वाटते.

म्हणून घरी पुढील सहा महिने एवढेच करून पाहावे. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर अनेक गोष्टी इंग्रजीत आणि मराठीत विनामूल्य मिळतात. आठवड्याला एक गोष्ट घ्यावी आणि ती आधी इंग्रजीत मोठ्याने वाचू द्यावी. एका पानावर पाच-सहांहून अधिक शब्द अडले तर ती गोष्ट बाजूला ठेवून सोपी निवडावी. त्यात कमीपणा नाही. मराठी रूप शेवटी वाचावे आणि एखादेच वाक्य निवडून दोन्ही भाषांत ते कसे वेगळे बांधले आहे ते तिलाच शोधायला सांगावे. मग तीच गोष्ट, पुस्तक मिटून, सहा-सात इंग्रजी वाक्यांत तिने लिहावी.

ते लिखाण तपासताना सगळ्या चुकांवर लाल शाई फिरवू नका. एका आठवड्यात एकाच जातीची चूक पाहा. या आठवड्यात फक्त ‘डिड’नंतरचे क्रियापद, पुढच्या आठवड्यात ‘अ’ आणि ‘द’, त्यापुढे ‘मला’ची वाक्ये. बाकीच्या चुका त्या दिवशी दिसल्या तरी सोडून द्याव्यात, आणि प्रत्येक पानावरील एका चांगल्या वाक्याखाली रेघ मारून ते का आवडले हे तिला सांगावे.