कथेतला पाऊस थोडा कमी कर

प्रिय,

कोकणातलं घर विकण्याची तुझी कथा वाचली. भाषा चांगली आहे, त्यावर लिहीत बसत नाही. तक्रार पावसाची आहे. मामा घर विकायचं म्हणतात, पाऊस. आजीचा फोटो भिंतीवरून उतरतो, पाऊस. शेवटी एसटी सुटते तेव्हा तर धो धो. शिवाय 'उदास संध्याकाळ', 'भयाण शांतता', 'काळजात कालवाकालव' ही नेहमीची मंडळी हजर आहेतच. वाचकानं कुठे हळवं व्हायचं, याच्या पाट्या लावून ठेवल्यासारखं झालंय.

वर्णनं घासूनपुसून हे सुटणार नाही. आधी गोष्ट कशाबद्दल आहे ते ठरव. घर विकलं, हे कथानक झालं. आशयसूत्र त्याच्या पोटात असतं, आणि तुझ्या कथेत ते मध्येच एका ओळीत येऊन गेलंय: मावशीनं लग्न केलं नाही, आजीचं सगळं तिनंच केलं, आणि भावांच्या सांगण्यावरून कधीकाळी हक्कसोडपत्रावर सही करून दिली. जिनं घर राखलं तिलाच या व्यवहारात तोंड उघडायची सोय नाही. मला तरी खरी गोष्ट इथे दिसते. तुला दुसरीकडे दिसत असेल तर तसं कळव, भांडू आपण. पण काय ते एकदा धर आणि एका वाक्यात वहीत लिहून ठेव. ते वाक्य कथेत मात्र कुठेही येता कामा नये.

एवढं ठरलं की मूड कुठला हवा ते कळायला लागतं. इथे उदासी फार कामाची नाही, घुसमट हवी. आता तुझं हे वाक्य बघ: 'बाहेर पाऊस रिपरिपत होता आणि मावशीच्या मनावर दुःखाचं सावट पसरलं होतं.' त्याऐवजी मे महिन्याचं ऊन पडू दे. ओटीवर गिऱ्हाईक बसलंय. विहिरीला बारमाही पाणी आहे, असं मामा त्याला सांगतायत. मावशी चहा घेऊन येते आणि कप ठेवता ठेवता म्हणते, "एप्रिलअखेर तळ दिसतो." मामा हसतात. "तू आत जा गं." ती जाते.

ती मुद्दाम बोलली की सवयीनं, हे सांगू नकोस. गिऱ्हाइकाला चहात साखर जास्त वाटली, असलं काहीतरी पुढे लिही. वाक्यंही आखूड ठेव. लांबलचक, पल्लेदार वाक्यात माणूस मोकळा होतो, आणि मावशीला तर मोकळं व्हायचंच नाहीये.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुन्हा काढून वाच. 1955 सालची कादंबरी आहे. शेकूची बायको बैलाच्या जोडीनं स्वतः औत ओढते तो भाग खास बघ. माडगूळकर तिथे कळवळत नाहीत, जे दिसलं ते सांगतात. पुढे दुष्काळात वाडी उठते तेव्हाही त्यांचा आवाज चढत नाही. कळवळायचं काम त्यांनी वाचकावर सोडलंय, आणि वाचक ते चोख करतो.

आणखी एक. सबंध कथा घुसमटीत ठेवलीस तर तिसऱ्या पानावर वाचक जांभई देईल. तुझ्या त्या शेजारच्या काकू, ज्या घर जाणार म्हटल्यावर आधी पाटा-वरवंटा मागून घेतात, त्यांना वाढव. मला त्या फार आवडल्या. त्यांच्यावर वाचक हसला की पुढच्याच परिच्छेदात मावशी त्याला जास्त लागेल. सूर्यास्ताचं पानभर वर्णन मात्र सरळ काढून टाक, त्याचं गोष्टीशी काही देणंघेणं नाही.

दुसरा खर्डा हक्कसोडपत्राच्या ओळीपासून सुरू करून बघ. शीर्षकाचं नंतर बघू. आणि पूर्ण झाल्याशिवाय कुठल्याही दिवाळी अंकाला पाठवू नकोस, आधी मला पाठव.

तुझ्या पत्राची वाट बघतोय.