दम्याच्या स्टेरॉइड पंपामुळे श्वासनलिकेतले जिवाणू बदलतात का?

हो, बदलू शकतात, पण त्या धास्तीने पंप बंद करू नका. निरोगी फुप्फुसात जंतूच नसतात, हा समज आता मागे पडलाय. २०१० मध्ये लंडनच्या संशोधकांना दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत हिमोफिलसच्या गटातले जिवाणू जास्त आणि प्रिव्होटेलासारखे कमी आढळले. यात दम्याचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढणं मात्र अवघड, कारण बहुतेक रुग्ण आधीच पंपावर असतात. स्टेरॉइड सूज उतरवतं ते तिथली प्रतिकारशक्ती थोडी दाबूनच. त्यात जंतूंना मारणारी काही नैसर्गिक प्रथिनंही कमी होतात. सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या सुमारे ६,००० रुग्णांवरच्या टॉर्च चाचणीत (२००७) फ्लुटिकासोन हे पंपातलं स्टेरॉइड घेणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त झाला. दम्यात असा धोका इतका स्पष्ट दिसलेला नाही. सीओपीडीचे आकडे दम्याला चिकटवू नयेत. गंमत म्हणजे उलटंही घडतं: २०१३ च्या एका अभ्यासात हिमोफिलस पॅराइन्फ्लुएन्झी या जिवाणूच्या संपर्कात आलेल्या पेशी स्टेरॉइडला नीट दाद देईनाशा झाल्या.

जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे आले, तर ती बहुधा कॅन्डिडा ही बुरशी असते, जिवाणू नव्हे. त्यासाठी:

- पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा आणि पाणी थुंकून टाका, गिळू नका.
- स्प्रेचा पंप असेल तर स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची नळी) लावा.

ताप आणि पिवळा-हिरवा कफ असेल तर डोस स्वतःहून कमी-जास्त न करता डॉक्टरांना दाखवा.