आईची झोपेची गोळी एकदम बंद करावी का?

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची असून सांगलीत माझ्याकडेच राहते. चार वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा डॉक्टरांनी तिला अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. तीच गोळी ती आजही रोज रात्री घेते. जुनी चिठ्ठी दाखवली की ओळखीचे मेडिकलवाले गोळ्या देतात. गेल्या महिन्यात ती पहाटे बाथरूमला जाताना पडली. घाबरून मी दोन दिवस गोळी दिली नाही, तर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही आणि हात थरथरू लागले, म्हणून पुन्हा सुरू केली. आता काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : गोळी बंद व्हायला हवी, हा तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे, पण ती अशी एका रात्रीत बंद करू नका. अल्प्राझोलाम काही आठवडे रोज घेतले तरी मेंदूला त्याची सवय लागते, आणि ते अचानक थांबवल्यास अस्वस्थता, थरथर, घाम, धडधड आणि क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. त्या दोन रात्री आईंना झोप आली नाही, यावरून गोळीशिवाय त्यांना झोप येतच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण औषध एकाएकी तोडल्यावर झोप काही दिवस पूर्वीपेक्षाही बिघडते. अशा एखाद्या वाईट रात्रीनंतर घरातले सगळेच घाबरतात आणि पंधरा दिवसांची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते.

डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतील. त्याला काही आठवडे, चार वर्षांच्या सवयीनंतर कदाचित काही महिनेही लागतील, आणि मध्येच त्रास वाढल्यास त्याच मात्रेवर थोडे थांबावे लागेल. कितीने आणि किती दिवसांनी कमी करायचे हे घरी ठरवू नका. भेटीला जाताना आईंची सर्व औषधे पिशवीत घालून न्या. सर्दीच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके यांनी गुंगी वाढते, तर क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने अल्प्राझोलाम शरीरात अधिक काळ रेंगाळते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर पहाटेच्या फेरीचे कारण तिथेही असू शकते. आई मोठ्याने घोरत असतील किंवा झोपेत त्यांचा श्वास अडकत असेल, तर तेही आवर्जून सांगा.

या वयात यकृताकडून औषधाचा निचरा सावकाश होतो, स्नायू सैल पडतात आणि तोल जातो. म्हणूनच वृद्धांमध्ये या गटातील औषधे शक्यतो टाळावीत असे मानले जाते. सकाळचा सुस्तपणा आणि विसराळूपणा वयावर ढकलला जातो, पण त्यात या गोळीचाही वाटा असू शकतो. तूर्त बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा आणि गोळ्या स्वतःच्या ताब्यात घ्या, कारण घेतलेली गोळी विसरून दुसरी घेतली जाणे ज्येष्ठांच्या बाबतीत मुळीच दुर्मीळ नाही.

जुन्या चिठ्ठीविषयी स्पष्टच लिहितो. अल्प्राझोलाम २०१४पासून अमलात आलेल्या ‘एच १’ या अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक नियमांच्या यादीत आहे. ते विकताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेली मात्रा यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपायची असते. ओळखीपोटी गोळ्या देणाऱ्या दुकानदाराने तुमच्यावर उपकार केलेले नाहीत.

राहिली मूळची झोप. आई साडेआठला अंथरुणावर पडून तीनला जाग्या होत असतील, तर त्यांची साडेसहा तासांची झोप झालेली आहे आणि त्या वयाला ती पुरेशी असू शकते. झोपण्याची वेळ पुढे ढकलणे, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणे, संध्याकाळचा चहा सोडणे आणि झोप नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणे, हे उपाय नेटाने केले तर उपयोगी पडतात. झोपेच्या अशा सवयी आणि विचार बदलणाऱ्या वर्तन-उपचाराला निद्रानाशाच्या जुनाट त्रासात गोळीच्या आधीचे स्थान आहे. मात्र वडिलांच्या जाण्याचे दुःख अजून तसेच असेल, भूक मंदावली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

प्रश्न : माझ्या पतींना झोल्पिडेम १० मिलिग्रॅम दिलेले आहे. मला कधी झोप आली नाही तर त्यातली अर्धी गोळी घेतली तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध अधिक हळू बाहेर पडते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३मध्ये स्त्रियांसाठीची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. तेव्हा अर्धी गोळी म्हणजे नाममात्र मात्रा नव्हे, आणि संथपणे विरघळणारी गोळी तर मोडूच नये. मध्यरात्री घेऊन सकाळी दुचाकी चालवणे धोक्याचे आहे. दारूबरोबर श्वास मंदावण्याची भीती असते. काही जण या औषधाच्या अमलाखाली झोपेतच चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही चालवतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. असा प्रकार पतींच्या बाबतीत एकदाही घडला असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना कळवा.